चरबी घटवताना स्नायू राखायचे, तर कार्डिओ केव्हा करावा?

चालणे, धावणे, सायकल चालवणे, पोहणे यांसारख्या ज्या व्यायामांत हृदयाचे ठोके आणि श्वासाची गती वाढून बराच वेळ वाढलेलीच राहते, त्यांना आज सर्वत्र कार्डिओ म्हटले जाते. हा व्यायाम पहाटे उपाशीपोटी करावा की संध्याकाळी, जोर-बैठकांच्या आधी करावा की नंतर, हा प्रश्न मोठ्या शहरातील जिममध्ये जाणाऱ्याला जसा पडतो, तसाच तो कुडाळ तालुक्यातील वालावलसारख्या गावात माडांच्या सावलीतून रोज सकाळी चालायला निघणाऱ्यालाही पडतो. वरवर पाहता हा प्रश्न वेळेचा वाटतो. परंतु त्याच्या पोटात त्याहून महत्त्वाचा प्रश्न दडलेला आहे, तो असा की, काट्यावरचे वजन जेव्हा पाच किलोंनी उतरते, तेव्हा त्या पाच किलोंत चरबी किती असते आणि स्नायू किती असतात. घड्याळात किती वाजले आहेत याला या बाबतीत फारसे महत्त्व नाही; महत्त्व आहे ते कार्डिओ आणि ताकदीचा व्यायाम यांच्या क्रमाला, त्या दोहोंमधील अंतराला, कार्डिओच्या मात्रेला आणि त्याच्या भोवती घेतलेल्या अन्न-झोपेला.

स्नायू राखण्याचा आग्रह केवळ पहिलवानांनी किंवा पिळदार शरीराची हौस असलेल्या तरुणांनी धरावा असे नाही, आणि भारतीय शरीराच्या बाबतीत तर मुळीच नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनमधील त्यांचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःच्याच शरीरांची तुलना प्रसिद्ध केली. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे किलोंतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा अंक, अगदी सारखा, २२.३ होता, मात्र शरीरातील चरबी मोजली असता ती युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के निघाली. वजन-उंचीचा मेळ समान असूनही भारतीय शरीरात चरबी दुपटीहून अधिक आणि अर्थातच स्नायू कमी, या स्थितीचे वर्णन याज्ञिक यांच्या संशोधनातून 'बारीक-लठ्ठ' भारतीय असे केले जाऊ लागले. हातपाय काटकुळे आणि पोट मात्र सुटलेले, ही ठेवण कोकणातही अनोळखी नाही. अशा माणसाने केवळ चालून आणि जेवण तोडून वजन उतरवले, तर चरबीबरोबर त्याचे मुळातच तुटपुंजे असलेले स्नायूही जातात. जेवणानंतर रक्तात येणाऱ्या साखरेपैकी मोठा वाटा स्नायूच उचलतात, त्यामुळे ते घटले की मधुमेहापासूनचे संरक्षणही तेवढे उणे होते. त्यातच तिशीनंतर माणसाचे स्नायू हळूहळू कमी होतच असतात आणि साठीनंतर ही घट वेग घेते. म्हणूनच वजन घटवणे आणि चरबी घटवणे ही दोन वेगळी कामे मानली पाहिजेत.

शरीराला दिवसभरात लागणाऱ्या ऊर्जेपेक्षा अन्नातून मिळणारी ऊर्जा कमी पडली, म्हणजेच उष्मांकांची तूट झाली, की ती तूट शरीर आपल्या साठ्यांतून भरून काढते. त्यात चरबीचा वाटा मोठा असला, तरी नुसत्या कमी खाण्याने वजन उतरवल्यास उतरलेल्या वजनाचा साधारण पाव हिस्सा चरबीखेरीजच्या ऊतींचा असतो आणि त्यात स्नायूंचा समावेश असतो. स्नायूंमध्ये प्रथिनांची जडणघडण आणि मोडतोड अखंड चालू असते. तुटीच्या काळात जडणघडण मंदावते, मोडतोड तिच्यावर मात करते आणि स्नायू झिजतो. मात्र वजन उचलणे, जोर मारणे, बैठका काढणे अशा ताकदीच्या व्यायामाने स्नायूवर भार पडत राहिला, तर तो स्नायू गरजेचा आहे हा संदेश शरीराला मिळत राहतो. आणि त्याच वेळी प्रथिनांचा पुरवठा पुरेसा असेल, तर तूट असतानाही स्नायू बहुतांशी टिकतो. कार्डिओने हा संदेश पुरेसा मिळत नाही. चालण्याने हृदय सुधारते, रक्तदाब व साखर आटोक्यात राहण्यास मदत होते, उष्मांकही खर्च होतात. परंतु खांदे, पाठ आणि मांड्या यांचे स्नायू राखण्याचे काम एकट्या चालण्याकडून होणार नाही.

उपाशीपोटी केलेला कार्डिओ अधिक चरबी जाळतो, हा समज सर्वाधिक पसरलेला आहे आणि त्यात अर्धे तथ्य आहे. रात्रभरच्या उपवासानंतर यकृतातील ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेल्या साखरेचा साठा, बराच उतरलेला असतो आणि इन्शुलिनची पातळीही कमी असते. त्यामुळे त्या वेळच्या व्यायामात इंधन म्हणून चरबीचे प्रमाण खरोखरच अधिक असते. तथापि, शरीर आपला हिशोब व्यायामाच्या एका तासापुरता मांडत नाही. सकाळी चरबी अधिक वापरली गेली, तर उरलेल्या दिवसात ती तुलनेने कमी वापरली जाते, आणि दिवसाअखेर उरते ती एकूण तूट. अमेरिकन संशोधक ब्रॅड शोएनफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २० तरुणींचे दोन गट केले होते. दोन्ही गटांना सारख्याच तुटीचा आहार दिला गेला आणि दोघांकडून आठवड्यातून ३ दिवस एकेक तास कार्डिओ करून घेतला गेला. एका गटाने तो उपाशीपोटी केला, तर दुसऱ्याने खाऊन. ४ आठवड्यांनंतर दोन्ही गटांची चरबी घटली, पण त्यांच्यात लक्षणीय फरक आढळला नाही. प्रयोग लहान आणि अल्पकाळाचा होता हे खरे, तरी त्याचा निष्कर्ष शरीरशास्त्राशी सुसंगत आहे. त्यामुळे ज्याला पहाटे चहा न घेता चालणे सोयीचे वाटते त्याने तसे खुशाल चालावे. ज्याला चक्कर येते त्याने एखादे केळे किंवा वाटीभर पेज घेऊन निघावे. चरबीच्या दृष्टीने दोघांचेही नुकसान नाही.

एकूण तुटीचे महत्त्व कोकणातील स्वयंपाकघरात फार चटकन दिसून येते. ७० किलो वजनाच्या माणसाने तासभर झपझप चालल्यास साधारण २५० ते ३०० उष्मांक खर्च होतात, तर १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात ३५० ते ४०० उष्मांक असतात. खोबऱ्याचे वाटप हा मालवणी जेवणाचा प्राण आहे आणि ते सोडावे असे येथे सुचवायचे नाही; मात्र पहाटेच्या तासभराच्या चालण्याची कमाई दुपारच्या एका वाढीव वाटीत परत जाऊ शकते, हे गणित चालण्याची वेळ ठरवण्यापूर्वी मनाशी पक्के असावे.

कार्डिओ आणि ताकद यांचा परस्परसंबंध हा या विषयाचा गाभा आहे. १९८० साली रॉबर्ट हिक्सन या संशोधकाने १० आठवड्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात एक गट आठवड्यातून ५ दिवस केवळ ताकदीचा व्यायाम करत होता, दुसरा ६ दिवस केवळ सायकल व धावणे, आणि तिसरा हे दोन्ही पूर्णच्या पूर्ण. तिसऱ्या गटाची ताकद पहिले काही आठवडे पहिल्या गटाप्रमाणेच वाढली, नंतर थबकली आणि शेवटच्या दोन आठवड्यांत चक्क उतरली. दमसासाच्या व्यायामाने ताकदीच्या वाढीला येणाऱ्या या अडथळ्याचे एक स्पष्टीकरण पेशींच्या पातळीवर दिले जाते. दीर्घ व्यायामात पेशीतील ऊर्जा खालावते, तेव्हा एएमपीके नावाचे विकर जागे होते. ते ऊर्जा वाचवण्याच्या दृष्टीने एमटॉर या दुसऱ्या यंत्रणेला आवर घालते, आणि स्नायूंतील प्रथिनांची जडणघडण प्रामुख्याने या एमटॉरच्याच इशाऱ्यावर चालते. त्याखेरीज एक साधे कारण आहेच, ते म्हणजे थकलेल्या पायांनी बैठका नीट निघत नाहीत. पुढील चार दशकांतील संशोधनाने हिक्सनच्या निष्कर्षाची धार बरीच कमी केली आहे. सामान्य मात्रेतील कार्डिओने स्नायूंची वाढ किंवा कमाल ताकद फारशी अडत नाही, अडथळा जाणवतो तो मुख्यतः झटक्याने लावायच्या जोरात, आणि तोही दोन्ही व्यायाम एकाच बैठकीत उरकल्यास, असे आता दिसते. परंतु हे बहुतेक प्रयोग पोटभर खाणाऱ्यांवर झालेले आहेत. चरबी घटवणारा माणूस मुळातच कमी खात असतो, त्याची थकवा भरून काढण्याची क्षमता उणावलेली असते, म्हणून हिक्सनने दिलेला इशारा त्याने इतरांपेक्षा अधिक गांभीर्याने घ्यावा हे बरे.

यावरून वेळेचा नियम ठरतो. शक्य असल्यास ताकदीचा व्यायाम आणि कार्डिओ वेगवेगळ्या दिवशी करावेत. एकाच दिवशी करावे लागल्यास त्यांच्यात ६ तासांचे किंवा त्याहून अधिक अंतर ठेवावे, म्हणजे सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा. आणि तेही जमत नसेल, तर आधी ताकद व मागाहून कार्डिओ, हा क्रम मोडू नये. ताकदीपूर्वी ५ ते १० मिनिटे सावकाश चालून अंग मोकळे करणे ही पूर्वतयारी आहे, तिला कार्डिओ समजू नये. वालावलमध्ये राहून कुडाळला नोकरीसाठी ये-जा करणाऱ्या माणसाला सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी सकाळी ४० मिनिटे ताकदीचा व्यायाम घरच्या पडवीत करता येईल, आणि मंगळवार, गुरुवार व शनिवारी लक्ष्मीनारायण मंदिर आणि त्यालगतच्या तलावाच्या परिसरातून किंवा नेरूरच्या रस्त्याने ४५ मिनिटे झपझप चालता येईल. रविवारी विश्रांती. जिमची सोय नसणे ही अडचण वाटते तितकी मोठी नाही. जोर, बैठका, पायरीवर एकेका पायाने चढ-उतार आणि पाण्याने भरलेली बादली कमरेतून वाकून पाठ सरळ ठेवत उचलणे, एवढ्याने बहुतेक मोठे स्नायू कामाला लागतात. १० लिटर पाण्याची बादली साधारण १० किलो भरते, त्यामुळे भार मोजण्यासाठी वेगळे साधन लागत नाही. अट एकच आहे की भार किंवा आवृत्त्यांची संख्या हळूहळू वाढत जावी, आणि प्रत्येक फेरीच्या शेवटी आणखी दोन-तीनच आवृत्त्या निघतील इतका स्नायू थकावा. महिनोन् महिने त्याच वीस बैठका काढत राहिल्यास पुढे त्यांचा उपयोग कमी होत जातो.

घड्याळातील वेळेला किनारपट्टीवर महत्त्व येते ते चरबीमुळे नव्हे, तर उष्म्यामुळे. दमट हवेत घाम येतो पण वाळत नाही, घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही, आणि मग तेवढ्याच वेगाने चालताना हृदयाला अधिक ठोके द्यावे लागतात. एप्रिल-मे महिन्यांत त्यामुळे कार्डिओ सकाळी ८ च्या आत किंवा दिवस मावळल्यावर करावा, आणि चालण्याआधी व नंतर पाणी प्यावे. घाम गाळून काट्यावर दिसणारी घट पाण्याची असते. ती दोन तांब्यांनी भरून निघते आणि भरून निघालीच पाहिजे. पावसाळ्यात बाहेर चालणे खंडित होते, तेव्हा पडवीत दोरीवरच्या उड्या किंवा पायऱ्यांची चढ-उतार चालते. भातलावणीच्या दिवसांचा हिशोब वेगळा मांडावा लागतो. दिवसभर चिखलात वाकून तरवा, म्हणजे भाताची रोपे, लावणाऱ्या बाईला किंवा पुरुषाला त्या आठवड्यांत वेगळ्या कार्डिओची गरजच नाही, उलट तो वर लादल्यास थकवा साचतो. त्या काळात आठवड्यातून एक-दोनदा ताकदीचा छोटा व्यायाम राखला की पुरे. मात्र ज्या घरातील नांगरणी पॉवर टिलरने होते आणि लावणी मजुरांकडून, त्या घरच्या माणसाने आपण शेतकरी आहोत म्हणून व्यायाम आपोआप होतो असे गृहीत धरू नये.

कार्डिओ कोणता करावा यावर थोडक्यात एवढे सांगता येईल की, स्नायूंना कमी झीज देणारे प्रकार तुटीच्या काळात अधिक बरे. धावताना, विशेषतः उतारावर धावताना, मांडीच्या स्नायूंवर ताणले जात असतानाच भार पडतो आणि त्यांची दुखण पुढील दोन दिवस बैठकांच्या आड येते. झपझप चालणे, चढ चढणे आणि सायकल यांत हा त्रास कमी होतो. श्रम मध्यम आहेत की नाहीत हे ओळखण्याची सोपी खूण म्हणजे बोलता यावे, पण गाता येऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान २ दिवस सर्व मुख्य स्नायूंचा ताकदीचा व्यायाम करावा. चरबी घटवणाऱ्याने १५० मिनिटांपासून सुरुवात करावी आणि घट थांबल्यासच मिनिटे वाढवावीत. पहिल्याच आठवड्यात रोज दीड तास चालू लागणाऱ्याकडे पुढे वाढवण्यासाठी काही शिल्लक राहत नाही.

अन्नाविषयी मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण स्नायू राखण्याची निम्मी लढाई ताटातच जिंकली किंवा हरली जाते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली प्रौढांसाठी दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली आहे. ती निरोगी माणसाच्या रोजच्या गरजेसाठी आहे. तूट आणि ताकदीचा व्यायाम एकत्र चालू असताना ही गरज वाढते, आणि १.२ ते १.६ ग्रॅम हे व्यवहार्य लक्ष्य ठरते. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तरुणांना गरजेपेक्षा ४० टक्के कमी उष्मांक देऊन ४ आठवडे कसून व्यायाम करवला गेला. दर किलोमागे २.४ ग्रॅम प्रथिने घेणाऱ्या गटाची चरबी सरासरी ४.८ किलोंनी घटली आणि चरबीखेरीजचे वजन सव्वा किलोच्या आसपास वाढले, १.२ ग्रॅम घेणाऱ्यांची चरबी ३.५ किलोंनी घटली आणि चरबीखेरीजचे वजन जवळपास होते तेवढेच राहिले. म्हणजे मोठ्या तुटीतही ताकदीच्या व्यायामाच्या जोडीने १.२ ग्रॅमवर स्नायू टिकला, ही सामान्य माणसाला दिलासा देणारी बाब आहे.

६० किलो वजनाच्या माणसासाठी हे लक्ष्य ७२ ते ९६ ग्रॅम होते आणि मालवणी घरात ते बाजारच्या पावडरीवाचून गाठता येते. दोन मध्यम बांगड्यांतून ३० ग्रॅमांच्या आसपास, दोन अंड्यांतून १२, पाव लिटर दूध-दह्यातून ८, ५० ग्रॅम कोरड्या काळ्या वाटाण्यांच्या उसळीतून १० ग्रॅम प्रथिने मिळतात आणि उरलेली भर वरण, भात व भाकरी घालतात. फसगत होते ती कुळथाच्या पिठीच्या बाबतीत. १०० ग्रॅम कुळथात साधारण २२ ग्रॅम प्रथिने असतात हे खरे, पण वाटीभर पातळ पिठीत माणशी पीठ पडते जेमतेम २० ग्रॅम, म्हणजे तिच्यातून मिळतात चारसाडेचार ग्रॅम. पिठी-भात पोटाला कितीही सुखाचा वाटला, तरी त्यावर एका वेळची प्रथिने भागली असे मानता येत नाही. सोबत अंडे, मासा, उसळ किंवा दही हवेच. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते आणि पाठोपाठ अनेक घरांत श्रावण पाळला जातो. त्यामुळे ताटातील प्रथिने नेमकी या महिन्यांत आटतात. तेव्हा उसळींचे प्रमाण जाणीवपूर्वक दुप्पट करावे. तूटही माफक असावी. नॉर्वेतील खेळाडूंवरील २०११ च्या एका अभ्यासात आठवड्याला वजनाच्या ०.७ टक्के या गतीने उतरणाऱ्यांनी ताकदीचा व्यायाम चालू असताना स्नायू वाढवले, तर दुप्पट गतीने उतरणाऱ्यांना ते साधले नाही. ७० किलोंच्या माणसासाठी आठवड्याला अर्धा किलो, एवढी घट पुरेशी आहे.

झोपेकडे दुर्लक्ष केल्यास वरील सर्व शिस्त वाया जाऊ शकते. शिकागो विद्यापीठातील २०१० च्या लहानशा पण काटेकोर प्रयोगात १० जणांना सारखाच कमी उष्मांकांचा आहार देऊन १४ दिवस साडेआठ तास आणि वेगळे १४ दिवस साडेपाच तास झोपेसाठी दिले गेले. वजन दोन्ही वेळा जवळपास सारखेच, ३ किलोंच्या आसपास उतरले. पण पुरेशा झोपेत त्यातील १.४ किलो चरबी होती, तर अपुऱ्या झोपेत अवघी ०.६ किलो. जत्रांच्या हंगामात दशावतार पाहत रात्र जागवणे हा या मातीचा आनंद आहे आणि तो जरूर घ्यावा. मात्र दुसऱ्या दिवशी पहाटे गजर लावून चालायला जाण्यापेक्षा ती वेळ झोपेला द्यावी आणि कार्डिओ संध्याकाळवर ढकलावा.

इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या मधुमेहींनी उपाशीपोटी व्यायाम डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये, कारण त्यांच्या बाबतीत साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिने वाढवण्यापूर्वी, आणि हृदयविकार असलेल्यांनी किंवा चालताना छातीत दाटून येणाऱ्यांनी कोणताही व्यायाम सुरू करण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी.

घटत आहे ती चरबी की स्नायू, हे तपासण्यासाठी महागड्या यंत्राची गरज नाही. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, सकाळी शौचानंतर वजन करावे, बेंबीच्या पातळीवर पोटाचा घेर फितीने मोजावा आणि जोर-बैठकांच्या आवृत्त्या वहीत लिहून ठेवाव्यात. भारतीयांसाठी पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक घेर धोक्याचा मानला जातो. घेर उतरत असेल आणि आवृत्त्या टिकून असतील, तर काट्यावरचे वजन संथ उतरले तरी काळजी करू नये. घेर जागच्या जागी राहून आवृत्त्या सलग दोन आठवडे घटत असतील, तर जाते आहे ती चरबी नाही. अशा वेळी प्रथिने व झोप तपासावी, कार्डिओ एक तृतीयांशाने कमी करावा आणि ताकदीच्या व्यायामाचा एकही दिवस गाळू नये.